आकाशांतील उसनें माप
(वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांकरितां भूगोलाचा एक पाठ)

गेल्या हिवाळ्यांत आमच्या शाळेच्या वरच्या वर्गांची सहल तोरणमाळास गेली होती. शहादा सोडून गाडी सातपुड्याच्या घाटाचीं वळणें चढूं लागली, तेव्हां आमच्याजवळील मोबाइलचा संपर्क तुटला. यशवंत तलावाच्या कांठीं मुलांस बसवून आम्हीं भूगोलाचा तास घेतला. समुद्रसपाटीपासून सुमारें ११५० मीटर उंचीवरचें तें पठार, जवळच सीताखाईची खोल दरी आणि उत्तरेस डोंगरांच्या रांगांपलीकडे नर्मदा! नकाशा शिकविण्यास ह्याहून चांगला वर्ग कोठें मिळणार? आम्हीं एका विद्यार्थ्याच्या हातीं मोबाइल देऊन त्यास अक्षांश व रेखांश वाचावयास सांगितलें. संपर्काची एकही रेघ नसतां यंत्रानें थोड्या वेळानें उत्तर दिलें: सुमारें २१.९ अंश उत्तर अक्षांश, ७४.५ अंश पूर्व रेखांश. मुलें चकित झालीं.

तोंच मागें बसलेला, अक्राणी तालुक्यांतील एका पाड्यावरचा मुलगा उठून म्हणाला, "गुरुजी, आमच्या शेताची मोजणी झाली तेव्हां मोजणाऱ्यांच्या हातांत असलेंच यंत्र होतें. बाबा म्हणतात, आजोबांपासून कसलेलें शेत कागदावर कमी भरलें. तें यंत्र कोणाचें असतें?"

हा प्रश्न त्या मुलानें आपल्या शेतापुरता विचारला. परंतु हाच प्रश्न आज जगांतील मोठमोठीं राष्ट्रें एकमेकांस विचारीत आहेत, आणि त्याच्या उत्तरावर त्यांच्या सैन्यांच्या हालचाली, विमानांचे मार्ग आणि परस्परांची मैत्री अवलंबून आहे. तलावाच्या कांठीं आम्हीं त्यास अर्धेंच उत्तर दिलें. उरलेलें त्यास, त्याच्या सोबत्यांस आणि त्यांच्या पालकांस येथें देत आहों.

१. वीज, गडगडाट आणि चार उपग्रह

पावसाळ्यांत वीज चमकल्यावर सेकंद मोजण्याचा खेळ आपण सर्वांनीं खेळला आहे. ध्वनि हवेंतून एका सेकंदांत सुमारें ३४० मीटर जातो. म्हणून वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकूं येईपर्यंत तीन सेकंद गेले, तर वीज सुमारें एक किलोमीटरवर चमकली असें समजावें. येथें आपण वेळेवरून अंतर काढलें. उपग्रहांचें मार्गदर्शन ह्याच तत्त्वावर चालतें. फरक इतकाच कीं, ध्वनीच्या जागीं रेडिओच्या लहरी असतात आणि त्या प्रकाशाच्या वेगानें, म्हणजे सेकंदास सुमारें तीन लक्ष किलोमीटर, धांवतात.

प्रत्येक उपग्रह मुख्यत्वें दोन गोष्टी सतत सांगत असतो: मी अमुक ठिकाणीं आहें, आणि आतां अमुक वेळ झाली आहे. हा संदेश पोंचण्यास किती वेळ लागला हें आपल्या हातांतील यंत्र पाहतें आणि त्यावरून अंतर काढतें. एका उपग्रहापासूनचें अंतर कळलें, तर आपण एका प्रचंड गोलाच्या पृष्ठावर कोठें तरी आहों, इतकेंच समजतें. दुसऱ्या उपग्रहामुळें ती जागा एका वर्तुळावर येते. तिसऱ्यामुळें दोनच बिंदु उरतात, आणि त्यांतील एक पृथ्वीपासून दूर असल्यामुळें तो सोडून देतां येतो. मग चौथा उपग्रह कशास हवा? आपल्या हातांतील यंत्राचें घड्याळ साधें असतें, त्याची चूक किती तें चौथ्यावरून कळतें. म्हणून जागा निश्चित करण्यास निदान चार उपग्रह दिसावे लागतात. हा चार आंकडा विद्यार्थ्यांनीं लक्षांत ठेवावा. पुढें त्याचें काम पडणार आहे.

उपग्रहांवरील घड्याळें मात्र साधीं असून चालत नाहींत. सेकंदाचा दहा लक्षावा भाग चुकला, तर अंतरांत ३०० मीटरांची चूक होते. ह्यासाठीं रुबिडियम, सीझियम अशा मूलद्रव्यांच्या अणूंवर चालणारीं अत्यंत सूक्ष्म घड्याळें वापरतात. इतकेंच नव्हे, तर आइनस्टाइनच्या सापेक्षतावादाप्रमाणें अमेरिकेच्या उपग्रहांवरील घड्याळें पृथ्वीवरील घड्याळांच्या मानानें दिवसास सुमारें ३८ मायक्रोसेकंद पुढें जातात. त्याची दुरुस्ती केली नाहीं, तर एका दिवसांत अंतरांची चूक ११ किलोमीटरांच्या आसपास जाईल. जो सिद्धांत मुलांस केवळ विद्वानांचा विषय वाटतो, तो अशा रीतीनें आपल्या खिशांत रोज काम करीत असतो.

ह्या सर्व व्यवहारांत मोबाइलच्या मनोऱ्याची गरज नाहीं, हें विद्यार्थ्यांनीं पाहिलेंच. मनोरा जवळ असल्यास उपग्रह लौकर सांपडतात आणि नकाशाचें चित्र उतरवून घेतां येतें. पण जागा काढण्याचें मूळ काम उपग्रहांच्या संकेतांवरूनच होतें. येथें आपलें यंत्र केवळ ऐकतें, उपग्रहाशीं बोलत नाहीं. आणि जो केवळ ऐकतो, त्यानें बोलणारा कोण आहे हें जाणून घेणें अवश्य असतें.

२. बोलणारा कोण?

जी. पी. एस. हे शब्द आपण 'जागा दाखविणारें यंत्र' ह्या अर्थानें वापरतों. वास्तविक तें एका राष्ट्राच्या एका व्यवस्थेचें नांव आहे. ती व्यवस्था अमेरिकेच्या संरक्षण खात्यानें आपल्या सैन्याकरितां उभारली. तिचा पहिला उपग्रह १९७८ च्या फेब्रुवारींत सोडण्यांत आला आणि २४ उपग्रहांची योजना १९९५ सालीं पूर्णपणें कामास लागली. हे उपग्रह सुमारें २०,२०० किलोमीटर उंचीवरून पृथ्वीभोंवतीं फिरतात.

ही सैन्याची वस्तु लोकांच्या हातीं कशी आली, त्याची हकीकत दुःखद आहे. १ सप्टेंबर १९८३ रोजीं कोरियाचें एक प्रवासी विमान मार्ग चुकून सोव्हिएट संघाच्या हद्दींत शिरलें. सोव्हिएट लढाऊ विमानानें तें पाडलें आणि आंतील सर्व २६९ माणसें प्राणांस मुकलीं. त्यानंतर अमेरिकेचे अध्यक्ष रेगन ह्यांच्या सरकारनें असें जाहीर केलें कीं, ही व्यवस्था तयार झाल्यावर जगांतील नागरी विमानांस ती विनामूल्य वापरूं देण्यांत येईल.

परंतु ह्या देणगींत एक अट दडलेली होती. सैन्यास मिळणारा संकेत सूक्ष्म होता. लोकांस मिळणाऱ्या संकेतांत मुद्दाम चूक मिसळलेली होती. तिच्यामुळें नागरी यंत्रानें दाखविलेली जागा १०० मीटरपर्यंत चुकूं शके. ही चूक वाढविणें वा काढून घेणें सर्वस्वीं मालकाच्या हातीं होतें. १९९१ च्या आखाती युद्धांत अमेरिकेच्या सैन्यापाशीं लष्करी यंत्रें पुरेशीं नव्हतीं, म्हणून सैनिकांस बाजारांतील नागरी यंत्रें द्यावीं लागलीं. तेव्हां तेवढ्या काळापुरती ती मुद्दामची चूक काढण्यांत आली, आणि पुढें पुन्हां घालण्यांत आली.

आपल्या कारगिलच्या युद्धाकडे पाहा. १९९९ च्या उन्हाळ्यांत आपल्या वायुदलाच्या जुन्या मिग विमानांचे वैमानिक हातांत धरावयाचीं साधीं जी. पी. एस. यंत्रें आणि सेकंद मोजावयाचें घड्याळ घेऊन हिमालयाच्या शिखरांवर रात्रींचे हल्ले करीत होते. त्या वेळीं नागरी संकेतांतील ती चूक चालूच होती. अमेरिकेनें त्या युद्धांत अधिक सूक्ष्म माहिती देण्याचें नाकारलें, ही हकीकत आपल्या वर्तमानपत्रांतून वारंवार छापून आली आहे. परंतु तिचा आधार न घेतांही मुख्य गोष्ट सिद्ध होते. आपले वैमानिक प्राण पणास लावून ज्या मापानें लढत होते, तें माप आपलें नव्हतें, आणि तें किती खरें ठेवावयाचें हें ठरविणारेही आपण नव्हतों.

१ मे २००० रोजीं अध्यक्ष क्लिंटन ह्यांनीं ती मुद्दामची चूक काढून टाकण्याची घोषणा केली आणि त्याच रात्रीं ती अमलांत आली. सर्व जगांतील साधीं यंत्रें एका रात्रींत कित्येक पटींनीं अचूक झालीं! न्यायबुद्धीनें हेंही सांगितलें पाहिजे कीं, पुढील पिढीच्या उपग्रहांत अशी चूक घालण्याची सोयच ठेवणार नाहीं, असें अमेरिकेनें २००७ सालीं जाहीर केलें. तथापि राष्ट्राच्या सुरक्षिततेस धोका असेल तेव्हां एखाद्या प्रदेशापुरता संकेत बंद करण्याची शक्ति आपणांस आहे, हेंही त्या सरकारनें २००० सालींच स्पष्ट केलें होतें.

माप आणि सत्ता ह्यांचा हा संबंध नवीन नाहीं. ब्रिटिश सैन्यांतील अधिकारी विल्यम लॅम्बटन ह्यानें ईस्ट इंडिया कंपनीकरितां १८०२ सालीं मद्रासेजवळ पायारेषा मोजून हिंदुस्थानच्या मोठ्या त्रिकोणमितीय मोजणीस आरंभ केला. दक्षिणेकडून उत्तरेकडे मोजीत येतां येतां १८२३ सालीं वर्धा जिल्ह्यांतील हिंगणघाट येथें त्याचा अंत झाला. त्याच्या चिकाटीविषयीं आदर वाटावा असेंच तें कार्य होतें, आणि त्या मोजणीचा उपयोग पुढें आपणांसही झाला. परंतु ती मोजणी ज्यांनीं करविली, ते ह्या देशाचे मालक होऊं पाहत होते, आणि नकाशा प्रथम त्यांच्याच मेजावर पोंचला.

३. मित्र असूनही निराळीं घड्याळें

अमेरिकेच्या मागोमाग तिच्या प्रतिस्पर्ध्यानेंही तोच मार्ग धरला. सोव्हिएट संघानें १९८२ सालीं ग्लोनास नांवाच्या आपल्या व्यवस्थेचा पहिला उपग्रह सोडला. १९९१ सालीं तें राज्य मोडलें. तरी रशियानें काम चालू ठेवून १९९५ च्या सुमारास २४ उपग्रहांची संख्या पूर्ण केली. परंतु पुढें द्रव्याच्या अभावीं नवे उपग्रह वेळेवर गेले नाहींत, जुने निकामी झाले, आणि नव्या शतकाच्या आरंभीं थोडेच शिल्लक राहिले. पुष्कळ खर्च करून २०११ सालीं ती व्यवस्था पुन्हां पूर्ववत्‌ करण्यांत आली. उपग्रह एकदां आकाशांत सोडला म्हणजे झालें, असें नसतें. विहीर खणून तिचा गाळ कधींच काढला नाहीं, तर ती जशी आटते, तशीच ह्या व्यवस्थांची स्थिति आहे.

शत्रूनें निराळें माप केलें ह्यांत नवल नाहीं. नवल हें कीं, मित्रांनींही केलें. युरोपांतील बहुतेक राष्ट्रें १९४९ सालीं स्थापन झालेल्या नाटो ह्या लष्करी संघांत अमेरिकेच्या खांद्यास खांदा लावून आहेत. तरीही युरोपीय संघानें गॅलिलिओ नांवाची आपली व्यवस्था उभारण्याचें ठरविलें. तिचे संकेत आपल्या लष्करी संकेतांस अडथळा करतील, अशी चिंता अमेरिकेच्या संरक्षण खात्यानें २००१ च्या डिसेंबरांत मित्रराष्ट्रांस पत्रानें कळविली. वाद पुष्कळ झाला. अखेर २००४ च्या जूनमध्यें उभयपक्षीं करार होऊन दोन्ही व्यवस्थांनीं एकमेकींस न दुखवितां नांदावें असें ठरलें, आणि १५ डिसेंबर २०१६ पासून गॅलिलिओची सेवा लोकांस मिळूं लागली.

ह्याच गॅलिलिओच्या इतिहासांत ब्रिटनची गोष्ट फार बोधप्रद आहे. ब्रिटननें ह्या कामांत पैसा दिला आणि त्याच्या कारागिरांनीं उपग्रहांचे भागही तयार केले. परंतु २०२० सालीं ब्रिटन युरोपीय संघांतून बाहेर पडला, आणि संघाबाहेरील राष्ट्र ह्या नात्यानें गॅलिलिओच्या गुप्त सरकारी सेवेंतील त्याचें स्थान गेलें. स्वतःची व्यवस्था उभारण्याचा विचार त्यानें केला, पण त्याच वर्षीं ती योजना सोडून दिली. नाटोंतील मैत्री कायम, शेजार कायम, तरी घर सोडतांच किल्ली परत द्यावी लागली.

चीननेंही आरंभीं, २००३ सालीं, गॅलिलिओंत भाग घेतला होता. परंतु लौकरच त्यानें आपलें सर्व बळ बायडू ह्या आपल्या व्यवस्थेकडे वळविलें. २००० सालीं प्रयोगाचे उपग्रह, २०१२ सालीं आशिया व पॅसिफिक प्रदेशापुरती सेवा आणि ३१ जुलै २०२० रोजीं सर्व जगाकरितां सेवेचें उद्घाटन, अशा पायऱ्यांनीं तो वर चढला. आपला शेजारी पाकिस्तान ह्यानें ह्या बायडूशीं सहकार्य केलें आहे. जपाननें निराळा मार्ग धरला. अमेरिकेशीं लष्करी करारानें बांधलेल्या त्या देशानें २०१० सालापासून स्वतःचे थोडे उपग्रह सोडले. ते जी. पी. एस. शीं हातमिळवणी करून जपानच्या दाटीवाटीच्या शहरांत व डोंगराळ भागांत त्यास पूरक होतात.

म्हणजे आकाशांतील ह्या घड्याळांच्या मांडणीवरून पृथ्वीवरील मैत्रीचा व वैराचा नकाशा वाचतां येतो. गंमत ही कीं, तोरणमाळास आमच्या हातांत असलेल्या मोबाइलसारखीं आजचीं बहुतेक यंत्रें ह्यांपैकीं अनेक व्यवस्थांचे उपग्रह एकाच वेळीं ऐकतात. प्रतिस्पर्धी राष्ट्रांचे उपग्रह एका लहानशा पेटींत एकत्र येऊन एका शाळकरी मुलास त्याची जागा सांगतात. शांततेच्या काळांत ह्या स्पर्धेचा लाभ सामान्य माणसासच होतो. पण सैनिकास ह्या उदारपणावर विसंबून चालत नाहीं.

४. आपला 'नाविक'

भारताचें धोरण पुष्कळ काळ असें राहिलें आहे कीं, कोणत्याही एका लष्करी गटाच्या दावणीस बांधून घ्यावयाचें नाहीं. ह्याही बाबतींत तसेंच घडलें. ग्लोनासच्या बाबतींत आपण रशियाशीं सहकार्य केलें. अमेरिकेशीं २७ ऑक्टोबर २०२० रोजीं नकाशे व भूप्रदेशाविषयींची माहिती एकमेकांस देण्याचा करार केला. आणि ह्या दोहोंबरोबर स्वतःची व्यवस्था उभारण्यास हात घातला.

केंद्र सरकारनें २००६ सालीं ह्या योजनेस मान्यता दिली. १ जुलै २०१३ रोजीं श्रीहरिकोटा येथून पहिला उपग्रह गेला आणि २८ एप्रिल २०१६ रोजीं सातवा. त्या दिवशीं पंतप्रधान मोदी ह्यांनीं ह्या व्यवस्थेस 'नाविक' हें नांव दिलें. नर्मदेच्या फुगलेल्या पाण्यांत होडी चालविणारे नावाडी आमच्या जिल्ह्याच्या उत्तर सीमेवर आजही आहेत. त्यांना हें नांव समजावून सांगावें लागणार नाहीं. ही व्यवस्था सर्व जगाकरितां नाहीं. भारत आणि त्याच्या सीमेपासून सुमारें १५०० किलोमीटरपर्यंतचा प्रदेश एवढेंच तिचें क्षेत्र. तिचे उपग्रह सुमारें ३६,००० किलोमीटर उंचीवर राहून सदैव आपल्याच भागावर नजर ठेवतात, म्हणून थोड्या उपग्रहांत काम भागतें. तिच्यांत दोन सेवा आहेत: एक सर्वांकरितां खुली, आणि दुसरी सैन्यादि अधिकृत लोकांकरितां सांकेतिक.

येथवर ऐकून मुलांनीं टाळ्या वाजविल्या असत्या. परंतु गुरूनें सत्य सांगितलें पाहिजे. पहिल्या उपग्रहावरील तिन्ही अणुघड्याळें बंद पडलीं. तीं परदेशांतून विकत आणलेलीं होतीं. त्याच बनावटीच्या घड्याळांनीं गॅलिलिओच्याही उपग्रहांस त्रास दिला. पुढें आपल्या आणखी कांहीं उपग्रहांवरही घड्याळांचें हेंच दुखणें उद्भवलें. पहिल्याची जागा घेण्यासाठीं ३१ ऑगस्ट २०१७ रोजीं जो उपग्रह सोडला, त्याच्यावरील उष्णतारोधक आवरण गळून पडलें नाहीं, आणि तो आंतच कोंडून वायां गेला. २९ मे २०२३ रोजीं नव्या पिढीचा पहिला उपग्रह यशस्वी रीतीनें गेला, आणि त्यांत आपल्या देशांत तयार झालेलें रुबिडियमचें घड्याळ होतें. हा खरा आनंदाचा दिवस. परंतु २९ जानेवारी २०२५ रोजीं, श्रीहरिकोट्याहून झालेल्या शंभराव्या उड्डाणांत, जो दुसरा गेला, त्याची एक झडप उघडली नाहीं आणि तो नियोजित कक्षेंत पोंचूं शकला नाहीं. २०२५ सालीं सरकारनें संसदेंत सांगितलें कीं, अकरा उपग्रह सोडले असतां जागा दाखविण्याचें काम चारच करीत होते.

आतां तो चार आंकडा आठवा! चारांखालीं काम चालत नाहीं, आणि आपण अगदीं कांठावर येऊन ठेपलों होतों. ह्यावरून आमच्या शास्त्रज्ञांस दोष देण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. परंतु 'आपलें' असें नांव दिल्यानें माप आपलें होत नाहीं. त्याचें घड्याळ करणारे कारागीर, त्याची दुरुस्ती करणारे अभियंते आणि वर्षानुवर्षें खर्च सोसणारें राष्ट्र मागें असावें लागतें. रशियाच्या ग्लोनासनें जो धडा घेतला, तोच हा धडा आहे.

५. खोट्या हांका

ह्या विद्येचें आणखी एक दुबळें अंग आहे. इतक्या दुरून येणारा संकेत अत्यंत क्षीण असतो. जत्रेच्या कोलाहलांत दुरून हांक मारणाऱ्या माणसाचा शब्द जसा बुडून जातो, तसा जवळून सोडलेल्या प्रबळ रेडिओलहरींनीं हा संकेत बुडवितां येतो. ह्याहून कपटाचा प्रकार म्हणजे खऱ्या उपग्रहासारखाच खोटा संकेत सोडणें. पहिल्या प्रकारांत यंत्र मुकें होतें. दुसऱ्यांत तें आत्मविश्वासानें खोटें सांगतें.

युक्रेनच्या युद्धापासून हे प्रकार फार वाढले. एस्टोनियांतील टार्टू ह्या गांवीं जाणारीं फिनलंडच्या एका कंपनीचीं विमानें २०२४ च्या एप्रिलअखेर ह्याच कारणानें महिनाभर बंद ठेवावीं लागलीं. लढणारे दुसरे आणि प्रवास थांबला तिसऱ्यांचा! आपला देशही ह्यांतून सुटला नाहीं. नोव्हेंबर २०२३ ते फेब्रुवारी २०२५ ह्या काळांत मुख्यत्वें अमृतसर व जम्मू ह्या सीमाभागांत अशा ४६५ घटना नोंदल्या गेल्याचें सरकारनें लोकसभेंत सांगितलें. म्हणून विमानांत ह्या यंत्राबरोबरच जुनीं साधनेंही ठेवतात, आणि चांगला वैमानिक एकाच साधनावर डोळे मिटून विश्वास ठेवीत नाहीं.

६. पुन्हां त्या शेताकडे

आतां आमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे वळूं. त्याच्या वडिलांच्या शेताची मोजणी वनहक्क कायद्याखालीं झाली. हा कायदा २००६ सालचा. १३ डिसेंबर २००५ पूर्वींपासून जे आदिवासी वनजमीन कसून पोट भरीत होते, त्यांचा हक्क तो चार हेक्टरांच्या मर्यादेपर्यंत मान्य करतो. सातपुड्यांतील भिल्ल व पावरा कुटुंबांस ह्या कायद्याचें मोल किती, हें त्यांनाच ठाऊक.

समजा, एक शेत १०० मीटर लांब व ४० मीटर रुंद आहे. क्षेत्रफळ ४००० चौरस मीटर. मोजतांना प्रत्येक कडेस ५ मीटर चूक आंतल्या बाजूस झाली, तर कागदावर ९० गुणिलें ३०, म्हणजे २७०० चौरस मीटरच भरतील. जवळजवळ एक तृतीयांश शेत नाहींसें होईल! साध्या हातयंत्रांत कांहीं मीटरांची चूक संभवते, आणि अरुंद दरींत, जेथें आकाशच थोडें दिसतें, तेथें ती अधिक होते. आणि हीच मोजणी २००० सालापूर्वींच्या संकेतांवर केली असती तर? १०० मीटरांची चूक म्हणजे शेताची सबंध लांबी; एखाद्याचें शेत नकाशावर दुसऱ्याच्याच बांधांत जाऊन पडलें असतें. अक्राणींतील एका शेतकऱ्याची जमीन यंत्रानें मोजतां येऊं लागली, ती वॉशिंग्टन येथें झालेल्या एका आज्ञेमुळें! राष्ट्रांचें राजकारण आपल्या बांधापासून दूर आहे, असें ह्यापुढें कोणी म्हणूं नये.

दुसरेंही एक कारण आहे, आणि त्यांत कोणाचा दोष नाहीं. नकाशावरील क्षेत्रफळ सपाट धरून काढतात. ३० अंशांच्या उतारावर १०० मीटर चाललों, तरी नकाशावर तें अंतर सुमारें ८७ मीटरच पडतें. म्हणून अशा उतारावरची चार एकर जमीन कागदावर साडेतीन एकरांच्या आसपास भरते. नांगर उतारावर चालतो, नकाशा सपाट असतो. शेत कमी भरण्यांत उताराचा भाग किती आणि चुकीचा भाग किती, हें निरनिराळें तपासून पाहिलें पाहिजे.

ह्यासाठीं पालकांनीं दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. एक, ह्या कायद्याच्या २०१२ सालीं सुधारलेल्या नियमांत स्पष्ट म्हटलें आहे कीं, उपग्रहाचीं चित्रें व तत्सम साधनें इतर पुराव्यास पूरक असावीं. त्यांनीं इतर पुराव्याची जागा घेऊं नये. गांवांतील वडीलधाऱ्या माणसांची लेखी साक्षही ह्या नियमांप्रमाणें पुरावाच आहे. दुसरें, ग्रामसभेचा निर्णय मान्य नसल्यास उपविभागीय समितीकडे, आणि तिचाही मान्य नसल्यास जिल्हा समितीकडे, निर्णयापासून ६० दिवसांच्या आंत दाद मागतां येते. मोजणीच्या वेळीं घरांतील शिकलेल्या मुलानें किंवा मुलीनें जवळ उभें राहावें, प्रत्येक कोपऱ्याचे आंकडे वहींत उतरून घ्यावे, आणि आकाश झांकणाऱ्या जागीं मोजणी पुन्हां करावयास नम्रपणें सांगावें. तुमच्या शाळेंतील भूगोलाचा उपयोग ह्याहून मोठा कोणता?

उपकार आणि हक्क ह्यांत भेद आहे. दुसऱ्यानें दिलेला दिवा कितीही उजळ असला, तरी त्याची वात त्याच्या हातीं असते. तोरणमाळच्या शेतकऱ्यास कायद्यानें उपकार दिला नाहीं, त्याचा हक्क मान्य केला. तो राखण्यासाठीं यंत्राच्या आंकड्याबरोबर गांवाची साक्ष आणि घरचा जाणता डोळा लागतो. राष्ट्रांचेंही तसेंच आहे. मित्राचें माप घ्यावें, त्याचे आभार मानावे; पण आपलें माप आपल्या घरीं असावें, तें रोज तपासावें, आणि एकाच मापावर सर्व भार टाकूं नये.

आमचा तो विद्यार्थी सहलीहून परत आल्यावर सुटीच्या दिवशीं वडिलांबरोबर शेतावर गेला आणि दोरी व गुण्या घेऊन त्यानें उतार मोजला. आंकडे त्यानें वहींत लिहून आणले आहेत. पुढील मोजणीस ती वही उपयोगी पडेल, अशी आम्हांस आशा आहे.

अभ्यासासाठीं प्रश्न

१. जागा निश्चित करण्यास निदान चार उपग्रह कां लागतात?
२. मोबाइलचा संपर्क नसतां यंत्र अक्षांश व रेखांश कसें सांगतें?
३. ब्रिटन व गॅलिलिओ ह्यांच्या उदाहरणावरून मैत्री व मालकी ह्यांतील भेद स्पष्ट करा.
४. एक शेत ६० मीटर लांब व ५० मीटर रुंद आहे. प्रत्येक कडेस ५ मीटर चूक आंतल्या बाजूस झाल्यास कागदावर किती क्षेत्रफळ भरेल?
५. आपल्या गांवांतील एका वडीलधाऱ्या माणसास विचारून गांवाच्या जुन्या शिवेच्या खुणा लिहून आणा आणि त्या नकाशावर दाखवा.